किटकॅटच्या फळीवरून दोन ओळींच्या डीबीवर: एका घराच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

घर मामांचं. औसा तालुक्यातलं पुनर्वसित गाव, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागेवर वसलेलं. मूळच्या दोन खोल्या त्या वेळच्या आणि त्यांतलं वायरिंगही त्याच वेळचं. पुढे घर वाढत गेलं. मागे स्वयंपाकघर, बाजूला न्हाणी, मग जिना आणि वर एक खोली. प्रत्येक वाढीला वेगळा वायरमन, आणि ज्याला जिथं वायर सापडली तिथून त्यानं पुढची ओढली. आज फक्त बघायचं आणि वहीत लिहून घ्यायचं. पक्कड पिशवीतच.

मीटर बाहेरच्या भिंतीवर. आत लाकडी फळी, फळीवर चार किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे जुने फ्यूज. दोन फेजवर (करंट आणणारी वायर), एक न्यूट्रलवर (परत नेणारी), चौथं रिकामं. न्यूट्रलवरचं किटकॅट हे या घरातलं पहिलं काढायचं काम. तो फ्यूज वितळला की दिवे जातात आणि घरच्यांना वाटतं लाइट गेली. प्रत्यक्षात फेज प्रत्येक होल्डरात, पंख्यात, प्लगात तशीच उभी असते. न्यूट्रल एकटा तोडायचा नसतो. तोडायचा तर फेजसोबत, एकाच दांडीनं.

फेजच्या किटकॅटांत फ्यूजची तार नाहीच. मल्टीस्ट्रँड वायरीचे तांब्याचे धागे पिळून घातलेत. हा फ्यूज उडण्याआधी भिंतीतली वायर जळेल. मामांना मात्र त्याचंच कौतुक: "कवापासून एकदा बी उडला नाही बघ!"

अर्थिंगची हिरवी वायर न्हाणीतल्या जुन्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली. पाइपाच्या मागे गेलो तर हातभर अंतरावर लोखंड संपून पीव्हीसी सुरू. म्हणजे अर्थिंग नाही. उलट गीझरच्या बॉडीत करंट आला तर तो या वायरीतून नळाच्या तोटीत येणार.

बिलावर मंजूर भार १ किलोवॅट. घरात गीझर एकटाच २ किलोवॅटचा. शिवाय बोअरची १ एचपीची सिंगल फेज मोटर, फ्रिज, मिक्सर, इस्त्री, दोन कूलर, इन्व्हर्टर. भार वाढवायचा अर्ज आणि त्यासोबत परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, ही दोन्ही कामं याच कामाच्या यादीत धरली.

४ मार्च

भार वाढवण्याचा अर्ज ऑनलाइन भरला. मीटरच्या टर्मिनलचं सील आपण तोडायचं नाही, त्यामुळे मीटरमधून निघणारी वायर बदलायच्या दिवशी बोर्डाचा लाइनमन हजर लागेल. त्याच्याशी बोलून ठेवलं.

आज एकच मोजणी केली, पण सगळ्या डीबीची, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीची, मांडणी तिच्यावर ठरली. मामेभाऊ गीझरच्या बटणापाशी, मी मल्टीमीटर घेऊन मेनपाशी. गीझर बंद असताना २२८ व्होल्ट, चालू केल्यावर २२१. लाइन स्वतःही वरखाली होत असते, म्हणून पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघितलं. फरक सातच्या आसपासच राहिला. गीझर त्या व्होल्टेजला साधारण ८.४ अँपिअर घेतो. सात भागिले ८.४ म्हणजे ०.८३ ओहम. ट्रान्सफॉर्मरपासून या मेनपर्यंत जाऊन-येऊन वायरीचा एवढा अडथळा.

घर लाइनच्या शेपटाला आहे, त्यामुळे आकडा मोठाच येणार होता. आता या मेनवर फेज-न्यूट्रल सरळ भिडले तर करंट किती? २२८ भागिले ०.८३, म्हणजे पावणेतीनशे अँपिअर. शहरात ट्रान्सफॉर्मरजवळच्या घरात हाच आकडा हजाराच्या पुढे जातो. आणि वरच्या खोलीत शॉर्ट झालं तर अजून कमी. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचा अडथळा किलोमीटरला १३ ओहमच्या आसपास. वीस मीटर जाणं आणि वीस मीटर येणं धरलं तर आणखी अर्धा ओहम. करंट १७० च्या आतबाहेर.

एमसीबीवर (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आकड्याआधी जे अक्षर असतं त्याचा अर्थ इथं कामाला येतो. बी प्रकारचा एमसीबी त्याच्या रेटिंगच्या तीन ते पाच पटीला क्षणात पडतो, सी पाच ते दहा पटीला, डी दहा ते वीस पटीला. सी १६ ला क्षणात पडायची पक्की खात्री हवी तर १६० अँपिअर लागतात. वरच्या खोलीत मिळणार १७०, तेही व्होल्टेज ठीक असेल तर. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं की हिशेब चुकला. मग एमसीबी पडेल, पण काही सेकंदांनी, आणि तेवढ्या वेळात जोड जळतो. बी १० ला मात्र ५० अँपिअर पुरतात.

म्हणून ठरवलं: मोटर सोडून सगळीकडे बी. मोटर सुरू होताना पाच-सहा पट ओढते, तिला सी १६.

८ मार्च, लातूर

सामान आणलं. बी प्रकारचे एमसीबी पहिल्या दुकानात नव्हतेच. "सी घ्या की, सगळे सीच नेतात," असं ऐकून पुढच्या दुकानात गेलो. तिथं काही मिळाले, बाकीचे सांगून ठेवले.

डीबी दोन ओळींचा घेतला, प्रत्येक ओळीत १२ जागा. मामांना एवढी मोठी पेटी कशाला हे पटत नव्हतं. माझा हिशेब असा: वरच्या ओळीत थेट लाइनवरचं सगळं, खालच्या ओळीत इन्व्हर्टरचं सगळं. उद्या दुसरा कोणी वायरमन झाकण उघडेल तेव्हा त्याला मला फोन न करता कळलं पाहिजे.

वरची ओळ: ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, हाच मेन. मग जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारं उपकरण. मग ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळला की तोडणारा. त्यापुढे पाच एमसीबी: स्वयंपाकघराचे प्लग, गीझर, बोअर, कूलर आणि बैठकीचे प्लग, वरच्या खोलीचे प्लग. खालची ओळ: इन्व्हर्टरला जाणारा एक एमसीबी, इन्व्हर्टरमधून आलेल्या लाइनसाठी दुसरा आरसीसीबी, त्यापुढे दिवे-पंख्यांचे दोन एमसीबी, खालचे आणि वरचे.

आरसीसीबी मेनपेक्षा मोठ्या रेटिंगचा घेतला, कारण तो ओव्हरलोड बघत नाही. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो. घरातल्या वायरी तापत असल्या तरी दोन्ही आकडे जुळले की तो गप्प. म्हणून त्याच्या आधी एमसीबी हवाच.

व्होल्टेजच्या उपकरणामागे कारण आहे. शेजारच्या आळीत मागल्या वर्षी खांबावरचा न्यूट्रल तुटला आणि दोन-तीन घरांतले टीव्ही, चार्जर एका दमात गेले. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल सुटला की कमी भाराच्या घरात व्होल्टेज चारशेच्या दिशेनं चढतं. एमसीबीला ते दिसत नाही, आरसीसीबीलाही नाही. उपकरण वर २७० आणि खाली १७० वर लावायचं ठरवलं.

डीबीसोबत न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल जोडायची पट्टी, एकच आली, म्हणून दोन जास्तीच्या वेगळ्या घेतल्या, खाली इन्सुलेटरचा पाया असलेल्या. लोक आरसीसीबी बसवतात पण न्यूट्रल सगळे एकाच पट्टीवर कोंबतात, आणि मग तो सारखा पडतो. अर्ध्या गावात आरसीसीबी बायपास झालेले दिसतात त्याचं मूळ बहुतेक वेळा या एका पट्टीत असतं.

९ मार्च

मेन बंद, इन्व्हर्टर बंद, बॅटरीची वायर सोडलेली. इन्व्हर्टरच्या घरात मेन बंद करून भागत नाही, दिव्यांच्या वायरीत २३० व्होल्ट जिवंत असतात. किटकॅटचे पूल काढून खिशात ठेवले. टेस्टरच्या दिव्यावर भरवसा न ठेवता टेस्ट लॅम्पनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघितलं. टेस्ट लॅम्प आधी चालू लाइनवर पेटवून बघायचा, नंतरही पुन्हा. मधेच लॅम्पच गेलेला असला तर मेलेली वायर आणि जिवंत वायर सारखीच दिसते.

दिवसभर एकच काम: कोणती फेज कोणत्या न्यूट्रलची जोडीदार. जुन्या दोन खोल्यांत सगळ्या वायरी लाल. कंटिन्युइटीचा बझर (वायर सलग असली की वाजणारा) लावून एकेक ओळखायची आणि टोकाला चिकटपट्टीवर नंबर लिहायचा. मामी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दिसभर नुसतं कुं कुं वाजवूलालाव, काम कवा करनार?" हेच काम होतं.

सापडलेलं: न्हाणीतल्या तीन पिनच्या प्लगात अर्थची पिन आणि न्यूट्रल आतूनच वायरीनं जोडलेले. ही युक्ती गावोगावी दिसते. अर्थिंग नाही, मग न्यूट्रललाच अर्थ म्हणायचं. मागे न्यूट्रल सुटला की फ्रिजच्या, गीझरच्या, धुण्याच्या मशीनच्या पत्र्यावर सरळ फेज येते. तुकडा काढला, प्लग बदलायच्या यादीत.

मग मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, ५०० व्होल्टचा. आधी सगळे एलईडी, पंख्यांचे रेग्युलेटर, चार्जर, फ्रिज काढून. वरच्या खोलीत ४० मेगओहमच्या पुढे, स्वयंपाकघरात ठीक. जुन्या दोन खोल्यांत ०.२. किमान १ मेगओहम हवा. म्हणजे त्या दोन खोल्यांचं वायरिंग ठेवता येणार नाही, पुन्हा केसिंग पट्टीतून ओढायचं. मामांना आकडा दाखवला. "म्हंजी?" म्हणाले. भिंतीतून करंट पाझरतोय म्हटल्यावर पैशाचा विषय पुढे वाढला नाही.

१५ मार्च, धुळवडीचा दुसरा दिवस

अर्थिंगचा खड्डा. घरापासून दीड मीटरवर, न्हाणीचं पाणी जातं त्या बाजूला, पण सांडपाण्याच्या नालीत नाही.

वर काळी माती, तीन-साडेतीन फुटांनंतर मुरूम, त्याखाली काळा दगड. अडीच मीटरचा पाइप सरळ उभा जाणं शक्य नाही. पहारीनं आवाज बदलला तसं मामेभाऊ बसकण मारून म्हणाला, "दगड लागला, आता फुटत नाही." तिरकं खणत गेलो, मुरमातून. पाइप तिरका गाडला तरी चालतो, मातीत पूर्ण लांबी गेली पाहिजे. तीन मीटर अंतर सोडून दुसरा पाइप तसाच. दोन पाइप एकमेकांच्या लांबीपेक्षा जवळ ठेवले तर दोन असून एकाचंच काम करतात.

भरायला मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट. मीठ पहिली काही वर्षं छान आकडा दाखवतं, मग पाइपाचं जस्त खातं आणि पावसात धुपून जातं. आपल्याकडच्या काळ्या मातीचं वेगळंच. ओली असताना तिच्याइतकी चांगली अर्थिंगची माती नाही. पण एप्रिल-मेमध्ये ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइपापासूनच सुटते. बेंटोनाइट पाणी धरून ठेवतं आणि पाइपाला चिकटून राहतं. वर विटांचा हौद, झाकण, पाणी घालायला नरसाळं.

१६ मार्च

अर्थ टेस्टर औशाच्या एका मित्राकडून आणला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये करंटची सळई ३० मीटरवर, व्होल्टेजची १८ मीटरच्या आसपास. ती सळई थोडी पुढे-मागे करून बघितली, आकडा फारसा हलला नाही, म्हणजे मोजणी खरी. दोन्ही पाइप मिळून ९ ओहम.

मामेभावाचा प्रश्न रास्त होता: "अर्थिंग झालं ना, मग तो महागाचा आरसीसीबी कशाला? बॉडीत करंट आला की एमसीबी पडंलच की."

हिशेब वहीत मांडून दाखवला. फेज गीझरच्या पत्र्याला लागली. करंट आपल्या अर्थिंगमधून जमिनीत जाणार आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून परत चढणार. आपले ९ ओहम, तिकडचे ५ धरू. २३० भागिले १४ म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. गीझरचा एमसीबी २० चा. तो पडणारच नाही, कारण त्याच्या दृष्टीनं हा नेहमीचाच भार. आणि गीझरच्या पत्र्यावर तेवढा वेळ साधारण दीडशे व्होल्ट. अंघोळ करणारा माणूस ओल्या फरशीवर उभा.

आरसीसीबीला यातले १६ अँपिअर लागत नाहीत. त्याला ३० मिलिअँपिअर पुरतात, आणि तेवढ्याला तो ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. इथं तर त्याच्या कित्येक पट करंट असणार, तेव्हा आणखी लवकर. पत्र्यावर ५० व्होल्टच्या वर चढू द्यायचं नाही या हिशेबानं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला हजार-दीड हजार ओहमचं अर्थिंगही चालून जातं. म्हणजे आपल्या दगडी मुलखात जीव वाचवणारी वस्तू आरसीसीबी, आणि अर्थिंग त्याला वाट करून देणारं. नुसत्या अर्थिंगच्या जोरावर एमसीबी पाडायचा तर अर्धा-पाव ओहमच्या गोष्टी कराव्या लागतील. त्या या गावात होत नाहीत.

२२ मार्च

लाइनमन आला, सप्लाय तोडला. मीटरमधून निघणारी जुनी ७/२० ची अॅल्युमिनियमची वायर काढून ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची टाकली. जुन्या वायरीचं टोक किटकॅटमध्ये पांढरट भुकटी होऊन बसलं होतं. मीटरला पुन्हा सील झालं.

फळी उतरवली. डीबी जमिनीपासून दीड मीटरवर, बैठकीच्या भिंतीवर. मामींची सूचना होती दाराच्या मागे लावा, दिसायला नको. दार उघडलं की झाकली जाणारी जागा डीबीला नको. अंधारात चाचपडत जावं लागतं तेव्हा मधे काही नसावं.

आता बांधणी. हा भाग मला आवडतो, म्हणून सविस्तर.

वायरी पेटीत येतात त्या भोकांना आधी रबरी ग्रोमेट. पत्र्याची कड वर्षानुवर्षं हलक्या हादऱ्यानं इन्सुलेशन कापते. फेजच्या वायरी डाव्या बाजूनं वर, न्यूट्रल उजव्या बाजूनं खाली, अर्थ सगळ्यात मागून. प्रत्येक वायर पेटीला एक वळसा घालून मग टर्मिनलला. तेवढी लांबी शिल्लक असली की उद्या टोक जळलं तर कापून पुन्हा लावता येतं. पण वळसा मोकळा, घट्ट कोपरा नाही. टाय बांधला की वायर बोटानं सरकली पाहिजे, करकचून बांधायचं नाही.

प्रत्येक टोकाला पिन लग, म्हणजे धागे एकत्र धरणारी धातूची टोपी, क्रिंपिंगच्या पकडीनं दाबून. आपल्याकडच्या वायरी बारीक धाग्यांच्या असतात, दीडच्या वायरीत २२ धागे, अडीचच्या वायरीत ३६. नागडे धागे स्क्रूखाली दाबले की निम्मे बाजूला पळतात आणि उरलेल्यांवर भार येतो. धागे कापून वायर बारीक करून भोकात बसवणारेही बघितलेत. त्यांनी अडीचची वायर विकत घेऊन दीडची वापरली.

बसबार (सगळ्या एमसीबींना फेज देणारी तांब्याची पट्टी) बसवताना तिची प्रत्येक जीभ एमसीबीच्या स्क्रूखालच्या पिंजऱ्यात गेली का हे टॉर्चनं बघितलं. ती पिंजऱ्याच्या मागे गेली तर स्क्रू घट्ट लागतो, हाताला पक्कं वाटतं आणि आत काहीच धरलेलं नसतं. डीबी जळाल्याच्या निम्म्या गोष्टी इथून सुरू होतात. स्क्रू टॉर्क ड्रायव्हरनं, एमसीबीच्या कागदावर दिलेल्या २ न्यूटन-मीटरवर. हातानं आवळण्याचा अंदाज सकाळी वेगळा आणि संध्याकाळी दमल्यावर वेगळा.

आता न्यूट्रल. तीन पट्ट्या, तिन्हींवर नाव. पहिली फक्त वरच्या आरसीसीबीतून बाहेर आलेल्या न्यूट्रलची, तिच्यावर पाच न्यूट्रल. दुसरी फक्त खालच्या आरसीसीबीची, तिच्यावर दोन. तिसरी आरसीसीबीच्या आधीची, तिच्यावरून इन्व्हर्टरला जाणारा न्यूट्रल. आणि क्रम तोच: जो एमसीबी पहिला त्याचा न्यूट्रल पहिल्या भोकात, दुसऱ्याचा दुसऱ्यात. एका भोकात एकच वायर. वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरचं फेरूल, म्हणजे नंबर छापलेलं छोटं कडं. गीझर २ तर त्याची फेज २, न्यूट्रल २, अर्थ २.

व्यवस्थित वायरिंग म्हणजे काटकोनात वळवलेल्या वायरी, असं फोटोंमुळे वाटायला लागलंय. त्या दिसायला छान, पण माझ्या मते डीबीची खरी शिस्त न्यूट्रलच्या पट्टीवर दिसते. फेजची बाजू कोणीही देखणी करतो.

इन्व्हर्टरकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी आणल्या. आपल्याकडे नेहमी फेज एकटीच आणतात आणि न्यूट्रल घरातला वापरतात. एका आरसीसीबीच्या घरात ते कसंबसं चालतं, दोन असले की ताबडतोब भांडण.

२३ मार्च

सप्लाय जोडला. मेन वर, मग व्होल्टेजचं उपकरण त्याचा वेळ घेऊन चालू झालं, मग आरसीसीबी, मग एकेक एमसीबी. वरची ओळ सगळी उभी राहिली. खालच्या ओळीत दोन्ही एमसीबी उभे, दिवे लागले, पंखे फिरले. मामेभावानं जिन्याचा दिवा लावला आणि दोन्ही आरसीसीबी खाली.

नेमकी हीच वेळ असते जेव्हा वायरमन म्हणतो, "आरसीसीबीच खराब निघाला."

जिन्याचा दिवा टू-वे, एक बटण खाली, एक वर. बाकी सगळे दिवे चालतात, फक्त हा लावला की पडतं, म्हणजे हा दिवा एकीकडची फेज घेऊन दुसरीकडे न्यूट्रल परत देतोय. बटण उघडलं तर तसंच. फेज खालच्या दिव्यांच्या सर्किटमधून आणि न्यूट्रल वरच्या खोलीच्या प्लगमधून उचललेला. त्या वेळी वायरमनला जिन्यात प्लगचा न्यूट्रल हाताशी होता. खालच्या आरसीसीबीतून करंट गेला पण परत आला नाही, वरच्यात गेला नव्हता तरी आला. दोघांचाही हिशेब चुकला.

९ तारखेला बझरनं सगळं शोधूनही हे निसटण्यासारखं होतं, कारण टू-वेची एक वायर स्विच उभा-आडवा केल्याशिवाय बोलत नाही. जिन्यात पट्टी मारून वरच्या दिव्यांचा न्यूट्रल खाली आणला आणि फेजही तिथलीच दिली. पुन्हा लावला. सगळं उभं.

मग खरी परीक्षा. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण फक्त त्याची आतली यंत्रणा चालते एवढं सांगतं, प्लगपर्यंत अर्थ पोचलाय का ते सांगत नाही. १५ वॅटचा बल्ब प्लगमध्ये फेज आणि अर्थच्या मधे लावला. तो ६५ मिलिअँपिअर घेतो. प्रत्येक प्लगवर बल्ब पेटायच्या आत आरसीसीबी पडला. घरच्यांनी हा प्रयोग करू नये. अर्थची वायर मधे तुटलेली असेल तर बल्बमधून फेज त्या वायरीवर येते आणि त्याला जोडलेले सगळे पत्रे जिवंत होतात. मी प्रत्येक वेळी आधी कंटिन्युइटी बघितली होती आणि सगळ्यांना अंगणात बसवलं होतं.

२९ मार्च, पाडव्याच्या आदल्या दिवशी

सगळे स्क्रू पुन्हा आवळले. पिन लग असूनही तीन-चार ठिकाणी पाव फेरा बसला, मेनवर आणि गीझरवर. तांबं दबून बसतं, म्हणून हे दुसऱ्यांदा आवळणं कामाचाच भाग.

रिकाम्या जागांवर झाकणाच्या पट्ट्या. पाल ऊब शोधत डीबीत शिरते आणि बसबारवर भाजून निघते, वर मेन पाडते ते वेगळं. वरच्या भोकांभोवतीच्या फटीही बुजवल्या.

झाकणाच्या आत तक्ता चिकटवला, नंबर आणि खोली. मामींच्या सांगण्यावरून "बोअर" ला लाल ठिपका, कारण तेच रोज बंद-चालू करतात. टेस्ट रिपोर्टवर सही झाली.

२७ एप्रिल

उन्हाळा टिपेला. वाड्यातल्या काळ्या मातीला भेगा. अर्थिंग पुन्हा मोजलं: ९ चे १३ ओहम. हौदात दोन बादल्या पाणी घालून मामांना सांगितलं, जूनपर्यंत आठवड्यातून एकदा. त्यांनी लगेच विचारलं, "धोका हाय का?" १३ लाही आरसीसीबी पडतोच. गीझरच्या प्लगवर बल्ब लावून दाखवला.

लोखंडी बॉडीचा जुना कूलर बाहेर काढला आणि चालू केला की आरसीसीबी पडला. मामेभाऊ म्हणाला, कूलर चालू असताना आरसीसीबी काढून टाकू. पंप सोडला, पंखा एकटा लावला, उभा राहिला. पंपाला मेगर लावला, वाइंडिंग आणि बॉडीमध्ये शून्याच्या जवळ. मागच्या वर्षी हाच पंप याच पत्र्याच्या टाकीत, पाण्यात बुडून चालत होता. आणि मामी ओल्या हातानं टाकीत पाणी घालत होत्या. नवा पंप आणला. यावर मामा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी शेजाऱ्यांना डीबी उघडून दाखवत होते.

२५ मे

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. रात्री फोन: दिवे गेले, खालची ओळ पडली, वर सगळं चालू. फोनवरच सांगितलं: खालचे दोन्ही एमसीबी पाडा, आरसीसीबी उचला, मग एकेक एमसीबी उचला. "वरचे दिवे" उभा राहिला, "खालचे दिवे" उचलला की आरसीसीबी पडला. तो एक पाडून बाकी घर चालू ठेवलं. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे न्यूट्रल अर्थला लागलेला असता तर असं एकेक करून सापडलं नसतं. दुसऱ्या पट्टीवरून न्यूट्रल सोडून बघावे लागले असते. इथं फेजच गळत होती.

आज जाऊन बघितलं. फाटकावरचा दिवा, होल्डर पाण्यानं भरलेला. जुन्या दिव्याची फेज खालच्या दिव्यांतून घेतलेली, वायर उघड्यावर, फाटकाच्या लोखंडी चौकटीला घासून गेलेली. आरसीसीबी नसता तर फाटक उघडणाऱ्याला कळलं असतं.

होल्डर बदलून पावसाळी झाकणाचा टाकला, दिवा तात्पुरता बंद ठेवला. फाटकापर्यंत पीव्हीसी पाइपातून नवी वायर आणि त्याला वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेत वेगळा बी ६ घालायचा. न्यूट्रल पहिल्या पट्टीवर, सहाव्या भोकात. सामान लिहून दिलं: १.५ ची तिन्ही रंगांची वायर, पाइप, क्लॅम्प, एक एमसीबी, नंबर ६ ची फेरूलं.